लॉकडाऊनवाले डॉक्टर: आमचं नेमकं काय राहून गेलं?

हेडनेक_कच्चं
नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज लिहूनच टाकते.

मी २०१९ ची बॅच. म्हणजे एमबीबीएसच्या नव्या सीबीएमई अभ्यासक्रमाची पहिलीच बॅच, सगळे प्रयोग आमच्यावर. नागपुरात ॲडमिशन (कॉलेजचं नाव विचारू नका), महिनाभर फाउंडेशन कोर्स, मग दिवाळी, आणि जानेवारीत कुठे डिसेक्शनहून (मृतदेह कापून शिकायचं ते) येऊन हाताला फॉर्मॅलिनचा वास असताना डबा खाता यायला लागला होता तर मार्चमधे हॉस्टेल रिकामं करा म्हणाले. २२ मार्चचा जनता कर्फ्यू घरी, २४ तारखेचं रात्री आठचं भाषणही घरीच. एकवीस दिवसांचं म्हणाले म्हणून मी चार टी-शर्ट आणि फिजिओलॉजीचं जर्नल घेऊन आलेले.

हात, पाय, छाती, पोट हे डिसेक्शन हॉलमधे झालं. हेड-नेक आणि ब्रेन घरी, मोबाईलवर. माझं आयडी त्याच्यावरूनच आहे.

आता इंटर्नशिप संपून बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, एका ग्रामीण रुग्णालयात आहे. परवा एक बाबा आले, साठीचे, कानाखाली गाठ, दोन वर्षांपासून हळूहळू वाढलेली. पॅरोटिडचे (कानाजवळच्या लाळग्रंथीचे) एमसीक्यू मला झोपेत विचारा. त्या ग्रंथीतून जाणाऱ्या, चेहरा हलवणाऱ्या फेशियल नर्व्हच्या पाच फांद्यांसाठी ते झांझिबारला मोटारीनं जायचं वाक्य असतं ते पाठ. पण गाठीवर बोटं ठेवली आणि बोटांखाली काय काय आहे हे डोळ्यासमोर येईचना. येतं ते स्क्रीनवरचं पिवळ्या रंगाचं चित्र. सोबत सून होती, ती हसत म्हणाली, "मॅडम, तुमी त्या लॉकडाऊनवाल्या बॅचच्या काय?" वाईट हेतू नव्हता तिचा. मीही हसले. बाबांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. रात्री झोप लागली नाही.

तर आम्ही खरंच कमी शिकलो, की हे माझ्या डोक्यातलं खूळ आहे? आणि त्या दीड-दोन वर्षांत तुमच्या मनाचं काय झालं होतं? विद्यार्थी, शिकवणारे, इंटर्न, घरचे, सगळ्यांनी लिहा.

वऱ्हाडी_ठेचा
ताई टेन्शन नको घेऊ. आमचं इंजिनिअरिंग लॉकडाऊन नसतानाच कॅन्टीनमधे झालं, तरी पूल उभे हायेत न. (मी सॉफ्टवेअरमधे आहो, पूल दुसऱ्यानं बांधले.)

जुना_स्टेथो
मी १९७८ ची ॲडमिशन. एका बॉडीभोवती वीस-पंचवीस पोरं, मी बुटका, मागच्या रांगेत. हेड-नेकच्या वेळी मला समोरच्याच्या ॲप्रनची पाठ दिसली, बाकी काही नाही. तेव्हा बेटा, हे दुःख फक्त तुमच्या बॅचचं नाही.

लेक्चरमधे कोणी डॉक्टर होत नसतो. पर्कशन (बोटांनी ठोकून आवाजावरून तपासणं) शोधून काढणारा औएनब्रुगर हा खानावळवाल्याचा पोरगा, बाप पिंप ठोकून आत दारू किती उरली ते बघायचा, तेच ह्यानं माणसाच्या छातीवर केलं आणि १७६१ मधे छापलं. तुम्ही घरी बसून धान्याच्या कोठीवर बोटं वाजवायची होती. आम्ही टेबल, भिंत, मित्राची पाठ, जे सापडेल ते वाजवायचो.

आणि मूळ प्रश्न राहिलाच, त्या बाबांच्या कानाची पाळी उचलली गेली होती का? चेहरा वाकडा होता?

हेडनेक_कच्चं
@जुना_स्टेथो काका, पाळी उचललेली होती. डोळे घट्ट मिटायला लावले, गाल फुगवायला लावले, दात दाखवायला लावले, सगळं सरळ. गाठ हलत होती, दुखत नव्हती.

जुना_स्टेथो
मग तुला येतंय की. उगाच रडू नकोस.

पोळ्या_आणि_पेरिकार्डियम
@जुना_स्टेथो काका, कोठी कुठली आता, आमच्याकडे प्लास्टिकचे डबे आहेत, सगळे एकाच सुरात वाजतात :)

मी पण २०१९, दुसरं कॉलेज. मी शहाणी, बोन सेट (अभ्यासाची खरी माणसाची हाडं) घरी आणला होता. सीनियरकडून घेतलेला, गोणपाटाच्या पिशवीत. आजीनं पिशवी उघडली, वर फिमर, मांडीचं हाड. पुढचं तुम्ही समजून घ्या. तिनं अंघोळ केली, मला करायला लावली, पूर्ण घर गोमूत्रानं शिंपडलं आणि हाडं गच्चीवर जुन्या कूलरच्या खोक्यात गेली. मग मी रोज सकाळी सहाला गच्चीवर जाऊन स्कल (कवटी) वाचायचे कारण साडेआठनंतर नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर फक्त पापड वाळू शकतात. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघायच्या. कॉलनीत काय काय पसरलं असेल ते पसरलं.

पितृपक्षात तर आजी म्हणाली, कोणाचं कोण आहे बाई ते, त्याचंही पान वाढू. आणि खरंच वाढलं. खोक्याजवळ, गच्चीवर. मी तेव्हा हसले होते. आता वाटतं की कॉलेजात पहिल्या दिवशी कॅडॅव्हरसमोर (डिसेक्शनच्या मृतदेहासमोर) उभं करून शपथ घ्यायला लावली होती त्यापेक्षा मला ते पान जास्त लक्षात आहे.

पण गंमत सोडा. भाऊ तेव्हा इंजिनिअरिंगला, त्याचं लेक्चर सुरू असलं की दार बंद, "आवाज करू नका". माझं लेक्चर सुरू असलं की "घरीच आहेस तर चार पोळ्या लाटून घे, कान तर मोकळे आहेत ना". मी कार्डियाक सायकल, म्हणजे हृदयाच्या ठोक्याचं चक्र, पूर्ण पोळ्या लाटत ऐकलीय. आयडी त्यावरून.

वऱ्हाडी_ठेचा
कार्डियाक सायकल आन पोळी दोन्हीत फुगते न बापा, मंग सोपं गेलं असंल.

पोळ्या_आणि_पेरिकार्डियम
@वऱ्हाडी_ठेचा तुम्ही लाटून बघा एकदा.

मोहाखाली
मी गडचिरोली जिल्ह्यातला, कोरची तालुका. गावात तेव्हा टॉवरच नव्हता. दीड किलोमीटरवर टेकाड आहे, तिथल्या एका मोहाच्या झाडाखाली नेटवर्कच्या दोन काड्या यायच्या. मार्च-एप्रिल म्हणजे मोहफुलाचा सीझन, पहाटे घरचे सगळे फुलं वेचायला, मी पण टोपली घेऊन, आणि नऊ वाजता टोपली बाजूला ठेवून बायोकेमिस्ट्री. मे मधे तेंदूपत्ता. लेक्चर सुरू असताना आई खालून ओरडायची की अस्वल दिसलं म्हणे, खाली ये. मी सरांना काय सांगू, अस्वल आलं म्हणून लेफ्ट झालो?

थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते. माझी दिसायची चाळीस-पंचेचाळीस. यादी ग्रुपवर टाकायचे, लाल रंगात. त्या लाल रंगाची मला एवढी भीती बसली होती की नंतर कॉलेज सुरू झाल्यावरही ग्रुपचा मेसेज वाजला की पोटात कालवायचं. क्रेब्स सायकल विसरलो, ते कालवणं नाही विसरलो.

शहरातल्या मित्रांना सांगितलं तर म्हणायचे, अरे रेकॉर्डिंग आहे न, डाउनलोड कर. चारशे एमबी. त्या झाडाखाली. करा बरं.

काचपट्टीवाले_सर
शिकवणाऱ्यांपैकी एक म्हणून लिहितो. पॅथॉलॉजी, बावीस वर्षं.

१५० नावं, १५० काळे चौकोन. एकदा माझं नेट गेलं आणि मला कळलंच नाही, वीस मिनिटं मी इन्फ्लमेशनवर एकटाच बोलत होतो. नेट परत आलं तर तेवढेच्या तेवढे १५० जण "हजर", आणि कोणीही विचारलं नाही की सर कुठे गेला होता. त्या दिवशी मी लॅपटॉप बंद करून बराच वेळ बसून राहिलो. शिक्षकाला वर्गात चेहरे लागतात हो. न कळल्याचा जो एक चेहरा असतो, भुवया थोड्या वर आणि पेन थांबलेलं, तो बघून आम्ही वाक्य फिरवतो. चौकोनाला भुवया नसतात.

स्लाइड दाखवायला मायक्रोस्कोपच्या आयपीसला मोबाईल लावायचो. एक हात मोबाईलला, एक फोकसला, तिसरा असता तर पॉइंटरला. मुलांना स्लाइड दिसली, पण मायक्रोस्कोप फिरवता आला नाही. कॉलेज उघडल्यावर पहिल्याच प्रॅक्टिकलला एकानं लेन्स स्लाइडवर नेऊन दाबली, कट्ट. दुसऱ्या वर्षाच्या मुलानं.

पण एक उलटही सांगतो. वर्गात कधीच तोंड न उघडणारी काही मुलं चॅटमधे प्रश्न विचारायला लागली. चांगले प्रश्न. एक मुलगी रात्री साडेअकराला विचारायची, मी उत्तर द्यायचो. समोरासमोर ती माझ्याशी आजही बोलत नाही, नमस्कार करते आणि सटकते. तेव्हा सगळंच वाया गेलं असं मी म्हणणार नाही.

@मोहाखाली, लाल रंगाच्या याद्या मीही टाकल्या आहेत. अस्वलाचा विचार केला नव्हता.

मोहाखाली
सर तुम्ही आमचे नव्हते, पण चालेल :)

अकरा_हजारी_इंटर्न
सगळे घरी काय शिकलो नाही ते सांगून राहिले, मी उलटं सांगतो. आम्ही २०२१ चे इंटर्न. आम्ही शिकलो, पण एकच रोग.

मार्च २०२१ मधे नागपुरात १५ ते २१ परत कडक लॉकडाऊन लागला आणि एप्रिलमधे जिल्ह्यात दिवसाला सात हजारांवर पेशंट निघायला लागले. इंटर्नशिपमधे मेडिसिन, सर्जरी, गायनिक, पीएसएम (सामाजिक आरोग्य) असं फिरायचं असतं. आमचं सगळं फिरणं वॉर्ड ते कॅज्युअल्टी. एबीजी (ऑक्सिजन तपासायला धमनीतलं रक्त) मी अंधारात काढून देईन. डिलिव्हरी वर्षभरात तीन पाहिल्या, स्वतः एकही नाही. टाके घालायला हात बसला नाही, डेथ सर्टिफिकेट लिहायला बसला. स्टायपेंड महिन्याला अकरा हजार, आयडी त्यावरून.

पीपीई किट घालून सहा तास, त्यात नागपूरचा उन्हाळा. सीनियर सांगायचे की आदल्या वर्षी २६ मे ला ४७ डिग्री होतं तेव्हा त्यांनी पण हेच केलं, सो गप्प बसा. किट काढलं की बूट उलटा केला तर पाणी पडायचं, अतिशयोक्ती नाही. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आली, तीन टँकर नागपूरला उतरवले बाकी नाशिकला गेले, तेव्हा आमच्या रूमवर एक जण रेल्वे बघून रडला. टँकरचा व्हिडिओ बघून. त्याच्या वडिलांना नागपुरात बेड मिळाला नव्हता, ते वर्ध्याला होते.

३ मे ला दिल्लीहून आलं की नीट पीजी (एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) किमान चार महिने पुढे. १८ एप्रिलची परीक्षा आधीच ढकललेली होती, शेवटी झाली ११ सप्टेंबरला. काउन्सेलिंग उजाडलं जानेवारी २०२२ मधे. मधल्या काळात मी काय होतो? डॉक्टर होतो, पण ना इंटर्न ना रेसिडेंट. लग्नात लोक विचारायचे, सध्या काय करतो? अभ्यास करतो. अजून??

आयसोलेटेड_अमोनिया
@अकरा_हजारी_इंटर्न वाईट वाटून घेऊ नको पण तुम्ही कामाचे तरी होता. आम्ही त्या एप्रिलमधे घरी, दुसऱ्या वर्षाला. पूर्ण सोसायटीला माहीत की ही मेडिकलला आहे. रात्री दोनला फोन, बेटा ९३ दाखवतंय, चालेल का? मला फक्त ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह माहीत होता. तो काढून दाखवू का त्यांना. एका काकूंचं ८२ आलं, सगळी बिल्डिंग हादरली, मी पळत खाली गेले, तर बोटाला गडद नेलपॉलिश. पुसून लावलं, ९७. त्या दिवशी मी कॉलनीची देवी झाले.

दोन आठवड्यांनी त्याच मजल्यावरचे काका गेले. त्यांचंही ऑक्सिजन मीच दोनदा मोजलं होतं आणि दाखवा म्हणून सांगितलं होतं. ते बेड शोधत होते. मला आजही वाटतं की मी अजून जोरात सांगायला हवं होतं. वीस वर्षांची होते.

जुना_स्टेथो
@आयसोलेटेड_अमोनिया बाळ, वाचलं. तू दाखवा म्हणालीस तेच त्या वेळचं बरोबर उत्तर होतं. त्या एप्रिलमधे तीस वर्षं प्रॅक्टिस केलेल्यांच्या ओळखीनंही बेड मिळत नव्हता. मला माझ्या सख्ख्या मेहुण्यासाठी मिळाला नाही.

परतलेला_पांथस्थ
तुमचं हेड-नेक गेलं, आमचं अर्धं एमबीबीएस. चीनमधून जानेवारी २०२० ला नववर्षाच्या सुट्टीत वीस किलोची बॅग घेऊन आलो, बाकी सामान अजूनही तिकडच्या हॉस्टेलवर असेल, रजई चांगली होती. डिग्री हिंगणा रोडवरच्या बेडरूममधे घेतली. मग २०२२ मधे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं आमच्यासारख्यांना दोन वर्षांची इंटर्नशिप लावली. तेव्हा शिव्या घातल्या. आता प्रामाणिकपणे सांगतो, दुसऱ्या वर्षात हात सुटला. पहिल्या वर्षात मी सलाईन लावताना पेशंटपेक्षा जास्त घाबरलेला असायचो.

चांदा_आई
मी डॉक्टर नाही, चंद्रपूरला असते, मुलगा नागपुरात शिकत होता. लिहू की नको करत होते.

जून २०२० पासून तो दिवसा झोपायचा, रात्री जागा. आम्हाला वाटायचं रात्री शांतता असते म्हणून अभ्यास करतो. मी कौतुकानं चहा ठेवून जायचे. ताट तसंच परत यायचं तेव्हा मी रागवायचे, अन्नाला नाव ठेवतो म्हणून. दिवाळीच्या सुमारास तो म्हणाला, आई मला आता काही वाचलेलं कळतच नाही, अक्षरं दिसतात फक्त. बारावीला एवढे छान मार्क मिळवलेला मुलगा. त्याचे बाबा म्हणाले, मोबाईल कमी कर.

त्याला डॉक्टरकडे आम्ही नेलं नाही, त्याच्या रूमपार्टनरनं नेलं, कॉलेज सुरू झाल्यावर. गोळ्या दीड वर्ष होत्या. एक टर्म गेली. आज तो बरा आहे, इंटर्नशिप करतो आहे, आणि मला परवानगी दिली म्हणून लिहिते आहे. मी एवढंच विचारलं त्याला की तू मला का नाही सांगितलंस. तर म्हणाला, मी डॉक्टर होणार म्हणून तू सगळ्यांना सांगत होतीस, मी पेशंट आहे हे कसं सांगू.

पोळ्या_आणि_पेरिकार्डियम
काकू. 🙏

धरमपेठ_रिटर्न्स
चांदा_आई, लिहिलंत ते बरं केलंत. पण बाकीच्यांना एक सांगायचंय, सगळं लॉकडाऊनच्या डोक्यावर फोडू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ मधे आला, पंचवीस हजारांहून जास्त यूजी (एमबीबीएसच्या) विद्यार्थ्यांनी माहिती भरली होती, त्यात २७.८ टक्क्यांनी मानसिक आजाराचं निदान झाल्याचं सांगितलं. हे लॉकडाऊन उठून दोन वर्षं झाल्यावरचं आहे. रेसिडेंटला आठवड्याला ७४ तासांच्या वर काम देऊ नका अशी त्यात शिफारस आहे, म्हणजे बघा आत्ता किती करत असतील. रॅगिंग, झोप, फी, परीक्षा, हे सगळं आधीपासून होतं. लॉकडाऊननं फक्त झाकण उडवलं.

अकरा_हजारी_इंटर्न
@धरमपेठ_रिटर्न्स आकडा बरोबर आहे पण अर्थ अर्धाच. ऑनलाइन सर्व्हे आहे तो, ज्याला भरावासा वाटला त्यानं भरला. आणि तुम्हीच बघा, २०२४ मधे यूजीला शेवटच्या वर्षांत कोण होते? आम्ही जिला "लॉकडाऊन बॅच" म्हणतोय तेच. लॉकडाऊन उठला म्हणजे पोरांमधून उठला असं नाही.

धरमपेठ_रिटर्न्स
मुद्दा मान्य. अर्धा.

मोहाखाली
बाय द वे टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) चा नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. मी एकदा केला होता फोन, नाव नाही विचारलं. कोणाला लागला तर.

वऱ्हाडी_ठेचा
लय सिरियस झालं बावा. कोणी सांगंल का लॉकडाऊन उठल्यावर पहिली तर्री पोहा कुठं खाल्ली? मी तर मास्क खाली करून खाल्ली आन तर्रीचा ठसका लागला तं पूर्ण ठेला रिकामा झाला. दोन प्लेटी जास्तीच्या भेटल्या.

पोळ्या_आणि_पेरिकार्डियम
😂😂 खोकल्याचा एवढा फायदा कोणालाच झाला नसेल.

काचपट्टीवाले_सर
तर्री ही खाल्ली जात नाही, घेतली जाते. बाकी किस्सा मान्य.

सुरी_आणि_सुपारी
उशिरा आलो, दिवसभर ओटी (ऑपरेशन थिएटर) होती. सर्जन आहे, रेसिडेंट शिकवतो.

मूळ प्रश्नाकडे येतो, तो सगळ्यांनी गच्चीवर कूलरच्या खोक्यात ठेवून दिलाय. लॉकडाऊन बॅचचे रेसिडेंट कमी येतात का? पहिले सहा महिने, हो. हर्नियाची ॲनाटॉमी फळ्यावर सुंदर काढतात आणि उघडल्यावर हरवतात. वर्षभरात तो फरक मला दिसेनासा होतो. आधीच्या बॅचचे पीजी तर जास्त अडकले, त्यांच्या तीनपैकी जवळपास दीड वर्ष नियमित ऑपरेशनं बंद होती, आणि मधे एक बॅच उशिरा आल्यानं दोन बॅचनी तिघांचं काम ओढलं. त्यांच्याबद्दल कोणी धागा काढत नाही.

एक फरक मात्र जात नाही, तो हाताचा नाही. ही मुलं विचारत नाहीत. राउंडला प्रश्न पडला की खिशातून फोन. आम्ही शेजारच्याला कोपर मारायचो, त्याला नाही आलं तर सिस्टरला विचारायचो, आणि त्या विचारण्यातच अर्धी सर्जरी कळायची. यांना शेजारी नव्हताच ना दोन वर्षं. परवा एकीला म्हटलं, अगं मी समोर उभा आहे, गूगल काय करतेस? तर म्हणाली, सर तुम्ही बिझी असाल म्हणून.

@हेडनेक_कच्चं, तुमच्या बाबांना जिथे पाठवलं तिथे फोन केलात का? ऑपरेशनच्या दिवशी जाऊन उभ्या राहा. बॉण्डवरच्या मेडिकल ऑफिसरला कोणी ओटीतून हाकलत नाही, विचारावं लागतं फक्त.

हेडनेक_कच्चं
फोन केला नव्हता. सर बिझी असतील म्हणून.

सुरी_आणि_सुपारी
बघा!

हेडनेक_कच्चं
(अठरा दिवसांनी) धागा वर काढते आहे, माफी.

फोन केला. सर म्हणाले ये. सुट्टी टाकून, पहाटेची एसटी धरून गेले. सुईच्या तपासणीत गाठ साधी निघाली होती, ग्रंथीचा वरवरचा भाग काढायचा होता. मला स्टूलवर उभं केलं, मीही बुटकीच आहे @जुना_स्टेथो काका. दीड तासानं सर म्हणाले, ये, बघ. आणि ती होती, फेशियल नर्व्ह. मला वाटायचं पिवळी असेल, चित्रात पिवळी असते. पांढरी आहे, ओलसर, शिवायच्या दोऱ्याहून थोडी जाड, आणि पुढे बदकाच्या पायासारखी फाकलेली. मी मनात झांझिबार म्हणायला लागले आणि तिसऱ्या फांदीला थांबले, कारण माणसाच्या आत ती चित्रासारखी ओळीनं नसतेच, दोन फांद्या मधेच एकमेकींना जोडलेल्या होत्या. सरांना विचारलं असं का. ते म्हणाले, असंच असतं, प्रत्येकाचं वेगळं.

शुद्धीवर आल्यावर बाबांना डोळे मिटायला सांगितले, गाल फुगवायला सांगितले, दात दाखवा म्हटलं. ते म्हणाले, दात कुठं हाय मॅडम. पण ओठ दोन्हीकडे सारखे गेले.

सून म्हणाली, तुमी इतक्या लांब आल्या?

जुना_स्टेथो
शाब्बास. आता आयडी बदल.

वऱ्हाडी_ठेचा
आन त्या हाडाचं काय झालं म्हंतो मी? गच्चीवरच हाय का अजून?

पोळ्या_आणि_पेरिकार्डियम
ज्युनियरला दिला सेट, २०२२ मधेच. देताना मोजला तर डावी पटेला (गुडघ्याची वाटी) कमी. सगळं घर शोधलं. आजी म्हणाली, मी ठेवलीय, पण कुठे ते आठवत नाही.